तुम्ही विचारलंत म्हणून: एकसष्ट साली झालं ते कायद्यात बसतं का?

लग्नकार्यात विचारतात, परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी विचारतात, गेल्या महिन्यात म्हापशाच्या बाजारात एका ओळखीच्या गृहस्थांनी हातातली मासळीची पिशवी सावरत विचारलं. "तुम्ही आंतरराष्ट्रीय कायदा शिकवता ना? मग सांगा, भारतानं गोव्यात सैन्य घातलं ते कायद्यात बसतं का?" हवं असतं एका शब्दाचं उत्तर, आणि कुठला शब्द हवा तेही चेहऱ्यावर दिसतं. वीस वर्षं मी विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

पुस्तकातलं उत्तर मला विद्यार्थिदशेतच पाठ होतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) दुसऱ्या राज्याच्या प्रदेशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करतं. सूट दोनच बाबतींत: स्वसंरक्षण, नाहीतर सुरक्षा परिषदेची परवानगी. १८ डिसेंबर १९६१ ला परिषदेपुढे युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव आला. बाजूनं सात मतं, विरोधात चार, आणि त्या चारांत सोविएत नकाराधिकार. ठराव पडला. पण ठराव पडला म्हणून कृती कायदेशीर ठरत नाही, हे मी वर्गात ठासून सांगायचे.

तेच मी पेडण्यातल्या आमच्या गावीही सांगितलं. १९ डिसेंबर होता, देवळाच्या सभामंडपात मुक्तिदिनाचं व्याख्यान. गावची मुलगी शिकून प्राध्यापक झाली म्हणून मला बोलावलेलं. पहिल्या रांगेत माझे थोरले काका, आबा. पंचावन्नच्या सुमारास सत्याग्रहात पकडले गेले, लष्करी न्यायालयानं शिक्षा दिली, आग्वादच्या तुरुंगात राहिले. घरी त्याबद्दल चकार शब्द नाही. समुद्राच्या आवाजात त्यांना झोप लागत नाही, एवढंच आम्हां मुलांना ठाऊक होतं.

मी म्हणाले, भावना बाजूला ठेवल्या तर सनदेच्या अक्षरानुसार त्या कारवाईचं समर्थन करणं अवघड आहे. मंडपात चुळबुळ झाली. आबा खुर्चीचा हात धरून सावकाश उठले.

"बाय, एक विचारतो. मला शिक्षा सुनावली तेव्हा ते म्हणाले, हा पोर्तुगालचाच प्रांत, तू पोर्तुगीज, आपल्याच देशावर उठलास. तुझं कलमही ह्या मातीला पोर्तुगालचाच प्रदेश म्हणतं काय?"

मी म्हणाले, "आबा, कायदा आधी ताबा कुणाचा ते बघतो..." पुढचं वाक्य मला जुळेना.

"ताबा," ते म्हणाले. "बरं." आणि खाली बसले.

आभारप्रदर्शन होईपर्यंत ते तसेच बसून राहिले. घरी परतताना वाटेवर दिवे नव्हते. हातातली बॅटरी माझ्या पायांपुढे धरून ते चालत होते, आणि पूर्ण वाट एक शब्द बोलले नाहीत. पुढे दोन वर्षांनी ते गेले. तो विषय आमच्यात परत निघाला नाही.

मी चुकीचं काही बोलले नव्हते. हे आजही म्हणेन. पण आबांनी जे विचारलं तो भावनेचा नव्हे, कायद्याचा प्रश्न होता, आणि तो मला ओळखता आला नाही ह्याची मला लाज वाटते. पोर्तुगालनं १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असं नाव दिलं. नाव बदललं की वसाहत संपली, अशी ती युक्ती. ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानली नाही. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात पोर्तुगालच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांची यादी आहे, तिच्यात गोवा आहे. त्याच्या आदल्या दिवशीचा वसाहतमुक्तीचा ठराव हा स्वयंनिर्णयाच्या हक्काच्या वाटचालीतला निर्णायक क्षण होता, असं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हिंदी महासागरातल्या चागोस बेटांविषयीच्या २०१९ च्या सल्ल्यात म्हटलं आहे. म्हणजे 'कुणाचा प्रदेश' हा प्रश्न एकसष्ट सालच्या कायद्यातही उघडाच होता. बी. एस. चिमनी, अँटनी अँघी ह्यांच्यासारखे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक कधीपासून सांगताहेत की सार्वभौमत्वाची कल्पनाच वसाहतींच्या व्यवहारात घडली. मी ते वर्गात शिकवत होते. सभामंडपात मात्र विसरले.

त्यानंतर मी दादरा-नगरहवेली ह्या पूर्वी पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या गावांविषयीचा निकाल पुन्हा वाचायला घेतला. पोर्तुगालनं हेगला भारतावर दावा लावला होता, निकाल १२ एप्रिल १९६० चा. पोर्तुगालची भिस्त मराठ्यांशी झालेल्या १७७९ च्या तहावर आणि १७८३ व १७८५ च्या सनदांवर. न्यायालय म्हणालं, मराठ्यांना सार्वभौमत्व द्यायचं असे तेव्हा ते तसे शब्द वापरत. इथे दिलं ते वर्षाला बारा हजार रुपयांचं महसुली उत्पन्न, जहागीर किंवा सरंजाम. 'सरंजाम' हा आपला शब्द त्या निकालात वाचून मी कितीतरी वेळ पान उलटलं नाही. पेशवे दफ्तरातल्या कारकुनाला ताबा आणि मालकी ह्यांतला फरक ठाऊक होता. आबांना होता. पण त्याच निकालात पुढे असंही आहे, की ब्रिटिशांनी त्या गावांवरचं पोर्तुगालचं सार्वभौमत्व मानलं आणि भारतानंही गृहीत धरलं. म्हणजे ताब्यातून मालकी उगवू शकते. आबांना हे सांगायची माझी छाती झाली नसती.

मग माझं उत्तर 'हो' का? तसंही नाही. आपल्याच लोकांवर आक्रमण कसं होईल, असं भारताचे प्रतिनिधी झा परिषदेत म्हणाले. वाचताना ऊर भरून येतो. पण हेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी ऐकलं की अंगावर काटा येतो. १९७५ मध्ये पोर्तुगालच्याच तिमोरमध्ये इंडोनेशियानं सैन्य घातलं, आणि तिथल्या लोकांना पुढची चोवीस वर्षं भोगावं लागलं. २०२२ मध्ये युक्रेनवर चाल करणाऱ्यांनीही इतिहास आणि आपली माणसं ह्यांचाच आधार घेतला. गोवा वेगळा होता असं मी म्हणते, आणि मला ते पटतंही. पण वेगळेपणाची रेघ नेमकी कुठे ओढायची, हे अजून मला कागदावर मांडता आलेलं नाही. तीन वेळा लेख लिहायला घेतला, तीनदा तिथेच अडला.

आणि स्वयंनिर्णय म्हणायचं, तर लोकांना विचारायला हवं. आपल्याला विचारलं ते १६ जानेवारी १९६७ ला, आणि तेही महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं एवढंच. आबांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूनं, शिक्का मारला होता. केंद्रशासित राहण्याची खूण असलेली दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आबांनी तो निकाल मुकाट्यानं मानला, पुन्हा कधी तक्रार केली नाही. एकसष्ट सालीही असंच मतदान घ्यायला हवं होतं का, त्याची वाट बघत तुम्ही आणखी किती वर्षं आग्वादला काढली असती, हे मला त्यांना विचारायचं होतं. ते हयात असताना मी विचारलं नाही.