आधी गाठीचं आकारमान विचारा

नवीन पोरं टीममध्ये आली की मी त्यांना पहिल्याच आठवड्यात एक उद्योग लावते. सीटी स्कॅनमधल्या गाठीची बाह्यरेषा तशीच ठेवायची, पण आतल्या व्हॉक्सेलचे, म्हणजे स्कॅन ज्या इवल्या घन ठिपक्यांचा बनतो त्यांचे, आकडे पत्ते पिसावेत तसे पिसून टाकायचे. मग स्कॅनवरून रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधणारं कॉम्प्युटर मॉडेल पुन्हा चालवायचं. अंदाज पहिल्याइतकाच बरोबर आला, तर समजायचं की आतल्या पोताशी मॉडेलला काही देणंघेणं नाही.

ही अक्कल माझी नाही. २०१४ साली ह्यूगो आर्ट्स आणि सहकाऱ्यांचा रेडिओमिक्सवरचा, म्हणजे स्कॅनमधून मापं काढून आजाराचा अंदाज बांधण्यावरचा, निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. फुप्फुसाच्या आणि डोकं-मानेच्या कॅन्सरचे १,०१९ रुग्ण, स्कॅनमधून मोजलेली ४४० फीचर्स, म्हणजे गाठीचा आकार, पोत वगैरेंची मापं. त्यातली निवडक चार घेऊन रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधता येतो, असा दावा. आमच्या क्षेत्रात त्यावर उड्या पडल्या. मग २०१९ मध्ये टोरंटोच्या मॅटिया वेल्च आणि सहकाऱ्यांनी तीच सिग्नेचर, म्हणजे त्या चार फीचर्सचा संच, तपासली. आकडे पिसले तरी अंदाज जवळजवळ तसाच! चारपैकी तीन फीचर्स गाठीच्या आकारमानाशी घट्ट बांधलेली निघाली.

कसं, ते ‘एनर्जी’ या फीचरवरून कळतं. प्रत्येक व्हॉक्सेलच्या आकड्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. बस, एवढंच. दोन सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ आणि चार सेंटिमीटरची, दोन्हींत ऊती अगदी एकसारखी असली तरी दुसरीत व्हॉक्सेल आठपट, म्हणून बेरीजही आठपट. नाव भारदस्त, पण बराचसा भाग आकारमानाचाच. ही फीचर्स मोजणाऱ्या पायरेडिओमिक्स या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय, फक्त ते वाचतं कोण?

आणि मोठी गाठ वाईट, हे डॉक्टरांना आधीच ठाऊक आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरची टी-स्टेज, म्हणजे मूळ गाठ किती वाढलीय याची पायरी, ठरवतानाही तीन, पाच आणि सात सेंटिमीटर असे टप्पे पाहतात. त्यासाठी मोजपट्टी पुरते.

पण २०१४ च्या गटाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. फुप्फुसाच्या ४२२ रुग्णांचे स्कॅन त्यांनी कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवर सगळ्यांसाठी खुले केले. म्हणून तर तपासणी झाली. डेटा कुलपात ठेवून नुसते आलेख दाखवणारे कितीतरी आहेत, त्यांचं काय करायचं?

आमच्याकडे आता नियमच आहे. मीटिंगला आलेख आणायचा तर मॉडेलच्या रेघेशेजारी नुसत्या आकारमानावरून बांधलेल्या अंदाजाची रेघ हवीच. पोरं कुरकुरतात, कारण बऱ्याचदा दोन्ही रेघा एकमेकींवरच बसतात.