फोटॉनला धक्का न लावता मोजताना

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी लेगेट-गर्ग असमानतेची चाचणी घेतली. आपण पाहत नसतानाही वस्तू एका निश्चित अवस्थेत असते आणि तिला धक्का न लावता ती पाहता येते, एवढं मान्य केलं तर तीन वेळांच्या मोजमापांतून काढलेली 'के' ही राशी १ च्या वर जात नाही, असं अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग यांनी १९८५ मध्ये दाखवलं. क्वांटम सिद्धान्तानुसार ती १.५ पर्यंत जाते.

मांडणी अशी: ४०५ नॅनोमीटरचा लेझर, एका फोटॉनचे (प्रकाशकणाचे) दोन करणारा बीबीओ स्फटिक, त्यातून ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनांच्या जोड्या. अलाइनमेंटने जीव काढला, पण ते सगळ्यांचंच असतं. हाफ-वेव्ह प्लेट ही चकती १५ अंशांवर ठेवली की ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा, ३० अंश फिरतं, आणि 'के' सर्वांत मोठा तिथेच येतो.

कस लागतो मधल्या मोजमापात. कॅल्साइट स्फटिकाने आडवं आणि उभं ध्रुवीकरण दोन वाटांना लावलं आणि एका वाटेवर अडसर ठेवला. पुढे फोटॉन सापडला म्हणजे तो मोकळ्या वाटेने आला. अडसराशी त्याची गाठच पडली नाही. मग अडसर दुसऱ्या वाटेवर. 'के' १.४ च्या वर गेला तेव्हा मला फार आनंद झाला.

आमच्या मॅडमनी मात्र विचारलं, "अडसरामुळे दुसऱ्या वाटेवर काही बिघडलं नाही, हे कशावरून?"

म्हणून मधल्या वेळी निव्वळ आडवे फोटॉन पाठवले, मग निव्वळ उभे. अडसर असो वा नसो, शेवटच्या डिटेक्टरांवरचं प्रमाण तेच राहिलं. म्हणजे निश्चित अवस्थेला अडसर बाधत नाही. त्यानंतर ३० अंशांवरचे फोटॉन पाठवले. सिद्धान्ताप्रमाणे अडसराविना उभ्या डिटेक्टरवर चारांतले तीन पोचायला हवेत, आणि अडसराच्या दोन्ही फेऱ्या मिळून आठांतले तीन, म्हणजे बरोबर निम्मे. आकडे त्याच्या अगदी जवळ आले. प्रत्येक फोटॉन मुळातच आडवा किंवा उभा असता तर हा फरक पडलाच नसता. माझ्या मते 'के'पेक्षा हा पुरावा जास्त बोलका आहे.

डिटेक्टरांतून निसटलेले फोटॉन कदाचित वेगळे वागत असतील, हा आक्षेप माझ्या मांडणीत शिल्लक राहतो. लेगेट यांचा रोख तर मोठ्या वस्तूंवर होता, अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) कड्यातल्या प्रवाहासारख्या. तिथे २०१६ मध्ये फ्लक्स क्यूबिटवर, म्हणजे अशाच कड्याच्या दोन अवस्थांच्या प्रणालीवर, झालेल्या प्रयोगातही निश्चित अवस्थांची अशीच स्वतंत्र चाचणी जोडलेली होती.