पुरुमेंताच्या शुक्रवारी बाय एकटी निघाली

मी फिरती शिक्षिका आहे, म्हणजे ज्या मुलांना दिसत नाही किंवा अगदी थोडं दिसतं त्यांच्या घरी नाहीतर शाळेत जाऊन शिकवते, माझा भाग म्हणजे गोव्यातले पेडणे आणि बार्देस तालुके. ब्रेल शिकवते म्हटलं की लोकांना लगेच कळतं, पण चालायला शिकवते म्हटलं की विचारतात, पाय तर धड आहेत ना पोरांचे, मग चालायला काय शिकवायचं? तर हे त्या प्रश्नाचं उत्तर समजा.

मुलीचं नाव सांगत नाही, घरी सगळे तिला बाय म्हणतात तेच चालू दे. सातव्या महिन्यात जन्मलेली, काचेच्या पेटीत राहिलेली, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला जो आजार होतो तो तिला झाला. अशा बाळाचे डोळे जन्मानंतर महिन्याच्या आत तपासून घ्यायलाच हवेत, वेळेत कळलं तर उपचार होतात. हिचे कोणी तपासलेच नाहीत. आता तिला फक्त उजेड आहे की काळोख एवढंच समजतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाय नऊ वर्षांची होती आणि तिला आपल्या घराचं अंगण माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तुळशीकडे नेलं की हात लावायचा, मागच्या दारी नेलं की हातपाय धुवायचे, पण तुळशीपासून मागचं दार कुठल्या बाजूला हे कधी तिला शोधायलाच लागलं नव्हतं कारण आजीचा हात कायम तिच्या मनगटावर. बस म्हणजे तिला आतली सीट आणि दांडा एवढीच माहीत, एकदा बस थांबलेली असताना ड्रायव्हरला विचारून मी तिला बाहेरनं पूर्ण गाडी चाचपून दाखवली, चाकाला हात लागला तर म्हणते, एवढं मोठं? आणि मग बराच वेळ ती त्या चाकापाशीच उभी.

भिंतीला बोटांची मागची बाजू लावून चालणं, तोंडासमोर हात आडवा धरून वाकणं, हे सगळं आधी घरात झालं. मग पांढरी काठी. आजीला ती काठी आवडायची नाही, म्हणायची म्हाताऱ्यांच्या हातात शोभते. मी तिला सांगितलं की ही टेकायची काठीच नाही, दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1944 च्या सुमाराला अमेरिकेत हूवर नावाच्या माणसाने लांब काठीची पद्धत बसवली, डावा पाय पुढे तेव्हा काठीचं टोक उजवीकडे, उजवा पुढे तेव्हा डावीकडे, म्हणजे पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच बघून ठेवलेली असते. लांबी छातीच्या मधल्या हाडापर्यंत, त्यामुळे पोर वाढलं की काठी बदलायची. बायची तिसरी काठी चालू आहे, ती आता बारा वर्षांची आहे.

आजी दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विकायला बसते, सोलां म्हणजे आमसुलं, चिंच, गावठी मिरच्या. बायने मार्चमध्ये सांगितलं, टीचर, मला आजीकडे एकटीला जायचंय, गावातनं बस पकडून थेट तिच्यापर्यंत. मी म्हटलं मंगळवारी बुधवारी जाऊया, गर्दी कमी. तर म्हणे मंगळवारी आजी तिथे नसतेच ना. बरोबर होतं तिचं.

मग आम्ही रस्ता पाठ केला. पाठ करायचं म्हणजे पावलं मोजत बसायचं नाही, पावलं गर्दीत चुकतात. खुणा धरायच्या. कायमची खूण म्हणजे जी उद्या पण तिथेच असणार, गटाराची लोखंडी जाळी, डांबर संपून सिमेंट सुरू होतं ती जागा, छप्पर सुरू होतं तिथे आवाज एकदम बदलतो तो. आणि दुसरा सुगावा, वास, गाणी, कंडक्टरची ओरड, हे असलं तर असलं. तीन शुक्रवार घासून तिने पक्कं केलं, जाळी, मग सुक्या मासळीचा वास आला की डावीकडे वळायचं, छप्पर, फुलांची लाईन, तिच्या टोकाला आजी. सुक्या मासळीवर एवढा भरवसा ठेवायला नको होता, आणि तो मीच ठेवू दिला.

कारण ती निघाली मे महिन्यात. मे म्हणजे पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, सगळा गोवा सुकी मासळी, मिरच्या, मीठ, सोलां भरायला बाजारात. मासळी नेहमीच्या लाईनमध्ये नव्हती, ती सगळीकडे होती, रस्त्याच्या कडेला, पोत्यांवर, टोपल्यांत.

आमचं ठरलेलं असं की मी दहा बारा पावलं मागे चालणार, बोलणार नाही, फक्त जिवाला धोका असेल तर मोठ्याने थांब म्हणणार आणि थांब ऐकलं की जागच्या जागी थांबायचं. बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे. कंडक्टरने आत फाटीं वच, फाटीं वच, म्हणजे मागे सरका, चालवलेलं, त्यात तिने पैसे दिले, स्टॅण्डला उतरताना काठीने पायरीची खोली बघितली, उतरली. जाळी सापडली. आणि मग मासळीचा वास आला, दहा पावलं आधीच, आणि ती वळली.

चुकीच्या गल्लीत ती शिरली आणि थबकली, तेवढ्यात एका काकांनी येऊन तिचा काठीचाच हात धरला, ये बाय, हांव तुका पावयतां, आणि चांगल्या मनाने तिला रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं आणि निघून गेले. तिला पलीकडे जायचंच नव्हतं. न दिसणाऱ्या माणसाचा काठीचा हात धरणं म्हणजे डोळ्यांवर हात ठेवण्यासारखं आहे हो, विचारा आधी, आणि हवं असेल तर तुमचं कोपर पुढे करा, तो माणूस धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल.

मी रस्त्याच्या अलीकडेच उभी. एक हाक मारली असती तर संपलं असतं सगळं. छातीत धडधडत होतं, घशाला कोरड, पण धोका नव्हता. माझ्या कामातलं सगळ्यात अवघड हेच आहे, काठी शिकवणं सोपं आहे, आपले हात आवरणं नाही.

बायने काठी शॉर्ट केली, पेन धरतो तशी उभी धरली, मागे सरकत सरकत एका बंद शटरला पाठ आणि टाचा लावून उभी राहिली. हे तिला शिकवलेलं, हरवलं की पाठ सरळ कशाला तरी लाव म्हणजे तोंड कुठे आहे ते कळतं. उभीच राहिली, मी घड्याळात बघितलं चार मिनिटं. मान हळूहळू वळत होती, स्टॅण्डवरची म्हापसा-पणजी म्हापसा-पणजी ओरड कुठून येते ते ऐकत असणार. जाताना ऊन डाव्या गालावर लागतं हे आम्ही कधीतरी सहज बोललेलो, आणि तिने खरंच गाल पुढे करून बघितला.

मग जवळनं चप्पल वाजवत जाणाऱ्या एका बाईला तिने थांबवलं. जरा ऐका काकी, फुलांची लाईन माझ्या डाव्या हाताला की उजव्या? बाईंनी तिकडे म्हणून बोट दाखवलं असणार, कारण बाय म्हणाली, बोट नको, मला दिसत नाही, डावा का उजवा सांगा. आणि रस्ता क्रॉस करेपर्यंत तुमचं कोपर द्याल? हे वाक्य आम्ही घरी किती वेळा खेळून घेतलेलं, मी कधी रिक्षावाला कधी पोदेर म्हणजे पाववाला कधी पोलीस व्हायचे. पण त्या दिवशी ती ते कोणालातरी खरं म्हणाली.

आजीने तिला बघितलं आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. एकटीक सोडली? ह्या गर्दीत? पोरीला काय झालं असतं तर? मी काहीच बोलले नाही, तिचा राग बरोबरच होता, आणि ती ओरडत असताना बाय पोत्यावर बसून सोलां चाचपत होती, आजी, ही ओली आहेत अजून, म्हणाली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्याने शंभराची नोट दिली, आजीकडे सुटे नाहीत. शेजारी तीन दुकानं सोडून केळीवाला. आजीने उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला आणि परत खाली बसली. नोट बायच्या हातात दिली. जा गो, त्याच्याकडनं सुटे आण, दहाच्या नोटा नीट बघून घे.

नव्या नोटांच्या लांबीत थोडा थोडा फरक असतो, दहाची शंभरापेक्षा आखूड, बोटावर लावून कळते. बाय काठी घेऊन गेली, केळीवाल्याशी काहीतरी बोलत बसली, आम्ही दोघी तिकडेच बघतोय आणि गिऱ्हाईक पण बघतंय. परत येऊन तिने नोटा आजीच्या हातात ठेवल्या. आजीने मोजल्या नाहीत, तशाच गिऱ्हाइकाला उरलेले दिले आणि बाकीच्या डब्यात टाकल्या.