गुरुवारची धडपड

इंग्लंडमध्ये, लीड्सला, पहिल्याच हिवाळ्यात घर गरम ठेवणारा आमचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, गुरुवारी येता का म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘आय माइट स्ट्रगल विथ थर्सडे, लव्ह.’ (हे ‘लव्ह’ म्हणजे आपलं ‘ताई’ समजा. पहिल्यांदा मीही दचकले होते.) मला वाटलं, बिचाऱ्याची ओढाताण होतेय, पण येणार. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरात कोट घालून, चहाचा कप धरून दाराकडे बघत बसले. चार वाजता फोन केला तर तोच चकित. नाही जमणार असं सांगितलं होतं की!

तेव्हापासून कान टवकारून ऐकते. नकार द्यायचा असला की नुसतं ‘आय कान्ट’ इथे जरा उघडंबोडकं वाटतं. मग ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ लावायचं, घाबरलेलं कोणी नसलं तरी. ‘आय कुडन्ट टेल यू’ ऐकून मी एकदा काहीतरी गुपित असेल म्हणून गप्प बसले. त्या बाईंना फक्त ठाऊक नव्हतं. ‘अनेबल’ पत्रांत आणि पाट्यांवर भेटतो, गप्पांत क्वचित. माझं लाडकं मात्र ‘कान्ट बी बॉदर्ड’. व्याकरणात असमर्थता, प्रत्यक्षात शुद्ध कंटाळा.

आपल्याला पोहायला येत नाही, रविवारी जमत नाही, आणखी खाववत नाही. अडलंय कुठे ते क्रियापदच सांगून टाकतं. इंग्रजीत तिन्हीकडे एकच ‘कान्ट’.

त्याचा फटका आई आली तेव्हा बसला. शेजारच्या आजींनी त्यांचं शिवणकाम बघायला वरच्या मजल्यावर बोलावलं. आई म्हणाली, ‘मला जिना चढवत नाही गं.’ मी सांगितलं, ‘शी कान्ट क्लाइम्ब स्टेअर्स.’ आजी गोंधळल्या. काल तर तुमच्या वरच्या खिडकीत उभ्या होत्या! मग त्यांनाच उमगलं, ‘ओह, शी स्ट्रगल्स.’ शब्द बॉयलरवाल्याचाच, पण या वेळी खरा.

‘काय म्हणाल्या?’ आईने विचारलं.

‘तुझी धडपड होते म्हणतात.’

‘धडपड कसली? गुडघा दुखतो म्हणावं.’