डावा पाय रिकामा

वेल्ह्याच्या पुढे आमची थोडी भातखाचरं आणि एक जुनं घर आहे. डांबर संपतं तिथून घरापर्यंत सव्वा किलोमीटर कच्ची वाट. आधी लाल मुरमाचा उतार, मग ओढा, मग गोट्यांचा चढ. उन्हाळ्यात कुठलीही गाडी रडतरखडत पोचते. जूनमध्ये पाऊस धरला की थेट दिवाळीपर्यंत गाडी डांबरावर लावायची आणि छत्री घेऊन चालत निघायचं. आईचे गुडघे दुखायला लागल्यावर ते चालणं थांबलं आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घ्यायची हे घरात एका संध्याकाळी ठरलं. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हे ठरायला मात्र पाच महिने गेले.

आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, याच वाटेवर वर्षानुवर्षं एमएम ५४० जीप चालवत आले. भाताची पोती, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सगळं त्या जीपमधून गेलंय. मी ऑटोमॅटिकचं नाव काढलं तसे ते म्हणाले, "गियर टाकायचा कंटाळा येतो तर गाडी कशाला घेतोस? बैलगाडी घे. बैलाला वाट पाठ असती."

इकडे हिंजवडीतल्या ऑफिसात सगळे ऑटोमॅटिकवाले. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आठवड्याचे पाच दिवस मी वाकडच्या गर्दीत असतो आणि शनिवारी नवले पुलाच्या. मुरूम नशिबात असलाच तर महिन्यातून दोन-तीनदा. पण मला गाडी घ्यायची होती ती त्या दोन-तीन वेळांसाठीच. गर्दीसाठी घरात एक हॅचबॅक होतीच.

सगळ्यात आधी एक गोंधळ निस्तरावा लागला. 'ऑटोमॅटिक' या एकाच शब्दाखाली बाजारात चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर करते. चढावर अडकलात तर तिथेही क्लचप्लेटच जळणार, आणि ती किती घासायची हे तुमच्या हातात नसणार. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच यांचे आपापले स्वभाव आहेत, पण माझ्या यादीतल्या गाड्यांत ते नव्हते. यादीत दोनच, महिंद्राची थार आणि मारुतीची जिम्नी, आणि या दोन्हींच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणारी प्लेट नसते, तेल असतं. एका बाजूचा पंखा तेल फिरवतो आणि त्या तेलाच्या जोरावर दुसऱ्या बाजूचा पंखा फिरतो. गाडी जागच्या जागी अडली तरी काही जळत नाही, उलट त्या क्षणी चाकाकडे जाणारा जोर वाढतो. अर्थात तेल तापतं. वाळूत रुतून तासभर घरघर केली तर तेही आपला हिसका दाखवतंच.

जिम्नी मला मनापासून आवडली. हलकी, आटोपशीर, आमच्या वाटेच्या मापाची. पण तिच्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, १३४ न्यूटन-मीटर, आणि ऑटोमॅटिकला चारच गिअर. मॅन्युअलला पाच. थारच्या २.२ लिटर डिझेलला ३०० न्यूटन-मीटर आणि दोन्ही प्रकारांत सहा-सहा गिअर. आई, भाताची पोती आणि चौघं माणसं असा हिशेब केल्यावर डिझेल ठरलं. म्हणजे अर्धाच प्रश्न सुटला.

उरलेल्या अर्ध्यासाठी मी एका खासगी ट्रॅकवर दिवसभराचं प्रशिक्षण घेतलं. हे गाडी घेण्याआधी केलं, हीच या सगळ्या प्रकरणातली माझी एकमेव हुशारी.

सकाळी मॅन्युअल. फोर-लो टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेली दुसरी पेटी, चाकांचा वेग अंदाजे अडीचपट कमी करते आणि जोर तेवढाच वाढवते. त्यासाठी गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलला आणून मग छोटा दांडा ओढायचा. पहिला चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये घेतला. अर्ध्यावर डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, उजवं मागचं हवेत उचललं गेलं आणि माझा डावा पाय सवयीनं क्लचवर गेला. सिग्नलला गाडी हळू पुढे सरकवताना करतो तसा अर्धा क्लच. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवरच. तीन-चार सेकंदांत तो वास आला. जळक्या ब्रेकसारखा, नाकाच्या शेंड्याला चिकटून बसणारा. प्रशिक्षक खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाले, "साहेब, पाय जमिनीवर. क्लच पूर्ण दाबा नाहीतर पूर्ण सोडा. मधलं काही नाही."

पुढच्या खेपेला गाडी बंदच पडली. त्यावरचा मंत्र त्यांनी आधीच घोकून घेतला होता. ब्रेक घट्ट, क्लच, रिव्हर्स, चावी, मग क्लच पूर्ण सोडायचा, आणि ब्रेक सैल करत इंजिनाच्याच धाकात सरळ रेषेत मागे उतरायचं. न्यूट्रलला नेलंत किंवा उतरताना क्लच दाबलात तर गाडी तुमची राहत नाही. उतारावर आडवी झाली की उलटायला फार काही लागत नाही. ऐकायला सोपं. पण समोरच्या काचेत नुसतं आभाळ दिसत असताना हे सगळे टप्पे क्रमानं आठवणं, ते मला तिसऱ्या खेपेला जमलं.

दुपारी ऑटोमॅटिक, आणि सोबत बायको. आधी तीच बसली. फोर-लो, गिअर हातानं पहिल्यावर अडकवलेला. त्याच खड्ड्यात तेच चाक गेलं. ती थांबली, ब्रेकवर पाय ठेवून बाहेर डोकावली, चाक कुठे ठेवायचं ते बघितलं आणि पाय अलगद उचलून ॲक्सिलरेटरवर नेला. गाडी चढली. वर गेल्यावर मला म्हणाली, "एवढंच होतं?"

मला राग आला, आणि त्याच वेळी मुद्दाही कळला. ऑटोमॅटिकनं तिला ताकद दिली नव्हती, वेळ दिला होता. चाक कुठे पडतंय हे बघायला डोकं मोकळं होतं. एक युक्ती प्रशिक्षकांनी दाखवली. दगडावरून उतरताना चाक धपकन पडू नये म्हणून डावा पाय ब्रेकवर हलका ठेवायचा आणि उजवा ॲक्सिलरेटरवर. मात्र दोन्ही एकदम दाबले की काही नव्या गाड्यांत इंजिन आपणहून जोर कमी करतं, तेव्हा आपली गाडी हे करू देते का ते मैदानात बघून घ्यायचं, दरीकाठी नाही.

मग उतार. इथे मात्र तात्या बरोबर निघाले. मॅन्युअलमध्ये फोर-लो, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर: गाडी इंजिनाला धरून म्हातारीसारखी एकेक पाऊल टाकत उतरते. ब्रेक लागत नाही म्हणून चाक घसरत नाही. ऑटोमॅटिकमध्ये पहिला अडकवूनसुद्धा मधलं तेल थोडी ढील देतं, गाडी जरा पुढे पळते आणि ब्रेक लावावा लागतो. हिल डिसेंट कंट्रोल मदतीला येतं, ते चारही चाकांचे ब्रेक स्वतः कटकट वाजवत सांभाळतं. पण ओल्या मुरमावर इंजिनाचा धाक आणि ब्रेकचा धाक यांतला फरक पाठीच्या कण्याला कळतो. एकट्या उताराच्या जोरावर मी त्या संध्याकाळी मॅन्युअलचं नक्की करून घरी आलो.

आठवडाभरानं मित्राची मॅन्युअल थार घेऊन आमच्या वाटेवर गेलो. तात्या शेजारी. उतार मस्त झाला. ओढ्यात मात्र मी चुकीच्या गिअरमध्ये शिरलो आणि मध्येच बदलायला गेलो. तात्यांनी माझ्या मांडीवर चापट मारली. "पाण्यात क्लच नाय दाबायचा! गाळ जातो आत." प्लेटच्या फटीत गढूळ पाणी शिरलं की पुढच्या चढाला ती घसरते. जीपवाल्यांना हे ठाऊकच असतं. मग गोट्यांचा चढ, तिथे पुन्हा तोच वास. तात्या काही बोलले नाहीत. नुसती काच खाली केली.

परत येताना नसरापूरला चहा घेतला तिथे मी हिशेब मांडला. उतारावर मॅन्युअल चांगली, हे खरं. पण आमच्या वाटेला उतार एक आणि अवघड चढ एक, आणि चढावर चुकणारा माणूस मी. शिवाय रात्री-बेरात्री आईला न्यायची वेळ आली तर चाकावर बहुधा बायको असणार. ऑटोमॅटिकला लाख-दीड लाख जास्त पडत होते. डिझेल थोडं जास्त जाणार होतं. गिअरबॉक्सला काही झालं तर नसरापूरचा मेकॅनिक हात लावणार नव्हता, क्लचप्लेट त्यानं दुपारपर्यंत बदलून दिली असती. हे सगळं पचवून ऑटोमॅटिक बुक केली.

तात्यांचा सूड जुलैत उगवला. भातलावणीला आलेल्या बायकांना गाणी हवी होती म्हणून गाडीचा रेडिओ दुपारभर चालू ठेवला. संध्याकाळी बॅटरी ठार. चिखलातून आठ माणसं हात झटकत धक्का द्यायला आली, तात्या पुढे. "दुसऱ्यात टाक, मी सांगितलं की क्लच सोड."

"तात्या, हिला क्लच नाही. ही धक्क्यानं चालू होत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सांगायचा प्रयत्न केला की तेल फिरवणारा पंप इंजिनावरच चालतो, इंजिन बंद म्हणजे तेलाला दाब नाही, चाकं फिरली तरी ते फिरणं इंजिनापर्यंत पोचत नाही. आठही माणसं ऐकून घेत होती. शेवटी शेजारच्या वाडीतून ट्रॅक्टर आणला आणि त्याच्या बॅटरीला केबल लावून गाडी उठवली. तेव्हापासून केबल डिकीत आहे.

इंजिन सुरू झाल्यावर तात्या म्हणाले, "सरक, मी नेतो वरपर्यंत." पहिल्या दहा फुटांत त्यांचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर आदळला आणि आम्ही दोघंही समोरच्या काचेकडे फेकले गेलो. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग गाडी थांबवून त्यांनी चप्पल काढली, डावा पाय मांडी घालतात तसा सीटवर उचलून घेतला आणि गोट्यांचा अख्खा चढ तसाच काढला, न थांबता.

वर पोचल्यावर मी म्हणालो, "तात्या, असं बसून गाडी चालवत नाहीत."

"मग त्याला खाली ठेवून काय काम देऊ?"