इसीसॉरस पाळीव करताना: हाळी, बुज आणि पोटाचा हिशोब

बिल्ड १४ मध्ये इसीसॉरस खेळाडूच्या मागून पहिल्यांदा न अडकता चालला. गोडॉट ४ या गेम इंजिनात बनणाऱ्या आमच्या सर्व्हायव्हल गेममधला हा पहिला पाळीव डायनासोर. काय जमलं, काय फसलं आणि कुठले आकडे शेवटी टिकले, ते इथे नोंदवतो. असा प्राणी बनवायला घेतलेल्यांना आकडे जसेच्या तसे उचलता येतील.

प्राणी निवडताना एकच अट होती, तो महाराष्ट्राच्या मातीतला हवा. इसीसॉरसची हाडं चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत मिळाली. १९९७ मध्ये त्याचं नाव टायटॅनोसॉरस कोलबर्टी ठेवलं होतं. २००३ मध्ये ते इसीसॉरस झालं, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. एकूण लांबीचे अंदाज माणसागणिक बदलतात, म्हणून आम्ही मापाला धरलं ते दंडाचं हाड: १४८ सेंमी. पाळता येणारं जनावर अर्ध्या मापाचं, म्हणजे खोंडच. मॉडेलमध्ये ते हाड ७४ सेंमी आणि कमरेची उंची १.६ मीटर धरली. मान आखूड, पुढचे पाय लांब आणि पाठ मागे उतरती. लांब मानेच्या नेहमीच्या सॉरोपॉडचं (चार पायांच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरचं) मॉडेल ताणून हा आकार येत नाही, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या मेशपासूनच (त्रिकोणांच्या जाळीपासूनच) सुरुवात करावी लागते. पूर्ण कवटी मिळालेली नसल्याने डोकं मादागास्करच्या रापेटोसॉरसवरून घेतलं: लांबट तोंड आणि पेन्सिलीसारखे बारीक दात.

पुढच्या पावलांबद्दल मुद्दाम सांगायला हवं. हौशी मॉडेलांत तिथे हत्तीसारखी नखं हमखास दिसतात. टायटॅनोसॉरांच्या, म्हणजे इसीसॉरसच्या गटातल्या डायनासोरांच्या, पुढच्या पावलाला जवळजवळ बोटंच नव्हती. तळहाताची हाडं उभ्या खांबांसारखी गोलाकार उभी असायची आणि ठसा घोड्याच्या नालासारखा उमटायचा. नखं फक्त मागच्या पायांना द्या. दोन्ही बाजूंच्या पायांत अंतरही जास्त ठेवा, या गटाच्या पाऊलखुणा रुंद असतात.

मेश १४,००० त्रिकोणांचा, लांबून दिसणारे दोन अवतार ५,००० आणि १,२०० चे. सांगाड्यात ४९ हाडं: शेपटीला १२, मानेला ८, कण्याला ५, प्रत्येक पायाला ५, बाकी मूळ हाड, जबडा आणि पापण्या. रिग (हा हलता सांगाडा) जोडण्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा. आमचं ते राहून गेलं होतं, त्यामुळे गोडॉटमध्ये मान वळली की डोकं चपटं व्हायचं. वेट पेंटिंग (कुठलं हाड कातडीला किती ओढेल ते ठरवणं) झाल्यावर लिमिट टोटल, म्हणजे एका बिंदूवर चालणाऱ्या हाडांची मर्यादा, चारवर आणा. खांद्याजवळ पाच-सहा हाडांचं वजन पडलेलं असलं, तर एक्स्पोर्ट होताना जादाचं गळतं आणि तिथली कातडी पिळल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त वेळ चालीवर गेला, आणि तो घालवायलाच हवा. पाय घसरताना दिसले की जनावराचं वजन क्षणात नाहीसं होतं. वेग अंदाजाने न ठरवता फ्रूड आकड्यावरून काढला: वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले कमरेची उंची). हा आकडा ०.२५ धरला तर वेग सेकंदाला साधारण २ मीटर येतो. प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांच्या १९७६ च्या सूत्राने (ढांग भागिले उंची = २.३ गुणिले फ्रूडचा ०.३ वा घात) ढांग २.४ मीटर. म्हणजे एक आवर्तन १.२ सेकंदांचं, ३० फ्रेमच्या हिशोबाने ३६ फ्रेम. पावलांचा क्रम डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा: फ्रेम ०, ९, १८, २७. रस्त्याने शांत चाललेल्या म्हशीचे पाय बघा, क्रम हाच असतो. भरभर चालीसाठी फ्रूड ०.५, वेग २.८ आणि आवर्तन ३२ फ्रेम. धावण्याचं ॲनिमेशन केलेलं नाही आणि करणारही नाही. आमचा खेळाडू ५.५ ने पळतो, तेव्हा हे जनावर वेगासाठी कोणी पाळणार नाही. ते पाळायचं ४०० किलो ओझ्यासाठी.

वाट शोधण्यात दोन घोळ झाले. पहिला: नॅव्हिगेशन मेशची (चालता येणाऱ्या जमिनीच्या नकाशाची) एजंट रेडियस, म्हणजे चालणाऱ्याची धरलेली त्रिज्या, मूळची ०.५ असते, ती माणसाला पुरते. जनावर मधोमध १.८ मीटर रुंद, म्हणून दोन खडकांच्या फटीत शिरून ते अडकायचं. नॅव्हिगेशन एजंट नोडची रेडियस वाढवून काही होत नाही. ती फक्त एकमेकांना चुकवण्यासाठी असते, वाट काढताना तिचा विचारच होत नाही. मोठ्या जनावरांसाठी नकाशा आणि मेश वेगळा बेक करावा लागतो. आमचे आकडे: रेडियस १.२५ (मेशचा सेल, म्हणजे चौकोन, ०.२५ चा असल्याने त्याच्याच पटीत), चढ २५ अंश, पायरी ०.५. दुसरा घोळ विचित्र होता. वाटेच्या वळणावर जनावर एकाच बिंदूभोवती घिरट्या घालत राहायचं. वळण्याचा वेग सेकंदाला ३५ अंश आणि चाल २ मीटर, म्हणजे वळणाची त्रिज्या ३.२७ मीटर. बिंदू गाठला असं मानायचं अंतर मात्र मूळचं १ मीटर. तो बिंदू त्याला कधी गाठताच यायचा नाही. अंतर ३.५ केलं आणि घिरट्या थांबल्या. टक्कर चुकवायला छातीपाशी उभी कॅप्सूल (टक्कर ओळखणारा गोल टोकांचा अदृश्य आकार), रेडियस ०.९. शेपटी आणि मान हाडांना जोडलेल्या वेगळ्या एरियांवर (स्पर्श ओळखणाऱ्या भागांवर) आहेत. आडवी लांब कॅप्सूल लावू नका, ती प्रत्येक वळणावर अडते.

आता पाळण्याची पद्धत. बेशुद्ध करून तोंडात चारा कोंबणं आम्हाला नको होतं. नवं खोंड माणसाला सरावतं ते रोजच्या वैरणीने आणि वावरण्याने, तसंच हेही सरावावं. त्यासाठी तीन आकडे आहेत: पोट, बुज (माणसाला बिचकणं) आणि सलगी. सलगी १०० झाली की जनावर तुमचं. प्रत्येक घासाला सलगी वाढते ती चाऱ्याचं मोल गुणिले (१ वजा बुज भागिले १००). ताडाची पानं ३, सूचिपर्णी डहाळ्या २, गवत १. चाऱ्याची ही यादी मनाने केलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच पिसदुऱ्याला टायटॅनोसॉरांची मानली जाणारी जीवाश्म विष्ठा मिळते. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीत ताड, सूचिपर्णी झाडं आणि गवत यांचे सूक्ष्म सिलिका-कण दाखवले. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे त्यातूनच ठरलं.

पहिल्या चाचणीत ३४ पानं एका दमात चारून दोन मिनिटांत जनावर पाळीव झालं. म्हणून पोटाला मर्यादा घातली: एका वेळी ६ घास, आणि एक घास पचायला ४० सेकंद. बुज सरासरी २० राहिली तर ४२ घास लागतात. पहिले ६ लगेच, उरलेले ३६ पचनाच्या गतीने, म्हणजे २४ मिनिटं. याहून वेळ वाढवला तर कंटाळा येतो, कमी केला तर जनावराची किंमत राहत नाही.

बुज दर ३ सेकंदांनी एकाने उतरते. १२ मीटरच्या आत पळालात तर सेकंदाला ८ ने चढते, वाकून चाललात तर चढत नाही. डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, त्यामुळे ऐन पाठीमागे ४० अंशांचा आंधळा पट्टा ठेवला आहे. तिथून आलात तर बुज दुप्पट. ७० च्या वर गेली की जनावर उधळतं आणि सलगी १० ने घटते. यात एक चूक फार उशिरा सापडली. राजासॉरस हा शिकारी डायनासोर जवळून गेला की वाढणारी भीतीही याच आकड्यात जात होती, आणि रात्री काही न करता सलगी खाली यायची. माणसाची बुज आणि शिकाऱ्याची भीती आता वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. दुसरी चूक सेव्हची. पचन संपण्याची वेळ घड्याळाप्रमाणे साठवली होती, म्हणून गेम बंद करून तासाभराने उघडला की पोट रिकामं. आता फक्त उरलेले सेकंद साठवतो.

मागे येण्याची कल्पना मात्र अस्सल कोल्हापुरातली आहे. दिवाळीच्या पाडव्याला इथे सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागे धावतात, दोरी नाही, नुसती हाळी. म्हणून आमच्या खेळात ‘मागे ये’ असं बटण कायमचं चालू राहत नाही. खेळाडू हाळी देतो, ती ६० मीटरपर्यंत पोचते आणि जनावर २ ते ०.८ सेकंदांत मान वळवतं. सलगी जितकी जास्त तितकं लवकर. अंतर ९ मीटरच्या वर गेलं की चालायला लागतं, ५ वर थांबतं. हे दोन आकडे वेगळेच ठेवा. एकच ठेवलात तर जनावर जागच्या जागी थरथरत राहतं. खेळाडू ६० मीटरपलीकडे गेला तर ते थांबून चरतं. त्याला उचलून खेळाडूजवळ आणून ठेवणं आम्ही मुद्दाम टाळलं. परत जाऊन हाक मारायची, यातच सोबत आहे.

खोगीर उतरत्या पाठीवरून मागे सरकतं, नुसत्या तंगाने (पोटाखालच्या पट्ट्याने) भागत नाही. छातीवरून पेशबंद घ्यावाच लागला, आणि त्याचं टोक खांद्याच्या हाडाला न बांधता कण्याच्या दुसऱ्या हाडाला बांधलं. खांद्याला बांधलं की प्रत्येक पावलाला पट्टा ताणला जाऊन छातीत रुततो. पट्ट्यावर कवड्यांची माळ आहे, पाडव्याच्या म्हशींसारखी.

आवाज म्हशीचाच. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशी सहज भेटतात, पण वाहनांचा गोंगाट फार, त्यामुळे करवीर तालुक्यातल्या गोठ्यात पहाटे घेतलेलं रेकॉर्डिंग कामाला आलं. आवाज ७ सेमीटोन (अर्धस्वर) खाली आणला की तो दीडपट लांबतो आणि छाती भरते. विजेची ५० हर्ट्झची घरघर त्याआधी काढा. नंतर ती ३३ वर उतरते आणि जनावराच्या आवाजात मिसळून जाते.

जमिनीसाठी पन्हाळ्याच्या जांभ्याचे फोटो वापरायचा मोह झाला होता. रंग सुंदर, पण जांभा हा बेसॉल्ट झिजून नंतर तयार झालेला दगड आहे. डोंगरगावची जमीन तळ्याकाठची चिकणमाती आणि चुनखडीची, म्हणून करड्या-पिवळट मातीचा टेक्स्चर केला.

बिल्ड १५ मध्ये अंड्यापासून पाळण्याची वाट येईल. टायटॅनोसॉरांनी घरटी राखल्याचा पुरावा नाही, त्यामुळे चिडलेली आई ठेवणार नाही. धोका असेल तो सानाजेहचा. गुजरातेत टायटॅनोसॉरच्या घरट्यातच सापडलेला हा साडेतीन मीटरचा साप, २०१० मध्ये जाहीर झालेला. अंडं १६ सेंमी, पिल्लू अर्धा मीटर. सापाचं वेटोळं घालण्याचं ॲनिमेशन अजून अंड्यांतून आरपार जातंय; आधी ते दुरुस्त करायचं आहे.