"सर, इथली रिंग उंच वाटतेय"

पतियाळ्याच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून बास्केटबॉल प्रशिक्षकाचा डिप्लोमा घेऊन निघालो, तेव्हापासून माझी बॅग कधी पूर्ण रिकामी झाली नाही. नागपूर, अमरावती, भिलाई, सातारा आणि आता कोकणातलं तालुक्याचं गाव. या काळात शॉट घ्यायला मिळणाऱ्या ३० सेकंदांचे २४ झाले, दोन हाफ जाऊन दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले, थ्री-पॉइंटची रेघ ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली. ती रेघ मी हातात ब्रश घेऊन स्वतः मारलीय. नव्या मैदानावर पहिलं काम एकच: टेप काढून रिंग मोजायची. जमिनीपासून ३.०५ मीटर.

इथंही मोजली होती, तीन वर्षांपूर्वी. गेल्या दिवाळीत कोर्टवर काँक्रीटचा नवा थर पडला. नारळ फुटला, फोटो निघाले. खांब मात्र होते तसेच राहिले. खेळणाऱ्यांना विचारायची पद्धतच नाही आपल्याकडे. आणि टेप मीही काढली नाही.

जानेवारीत राज्य स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना. माझी पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी मुलगी, सरावात दहातले आठ फ्री थ्रो (कुणी न अडवता रेघेवरून टाकायचे शॉट) घालणारी. त्या दिवशी सहातले पाच पुढच्या कडेला आपटून बाहेर. टाइमआउटला ती पाण्याची बाटली हातात तशीच धरून म्हणाली, "सर, इथली रिंग उंच वाटतेय."

मी खेकसलो, "रिंग सगळीकडे सारखीच असते. जोर लाव!"

तिनं जोर लावला. चेंडू बोर्डावर आदळू लागले. चार गुणांनी हरलो.

परतल्यावर संध्याकाळी एकट्यानं मोजलं. २.९७. थर आठ सेंटिमीटरचा, म्हणजे रिंग तेवढीच खाली. कडं ४५ सेंटिमीटरचं, मुलींचा सहा नंबरचा चेंडू साधारण २३ चा. सरळ वरून, बरोबर मधोमध पडला तर पुढंमागं ११ ची जागा. चेंडू ४५ अंशांत उतरतो असं धरलं, तर ती जागा जेमतेम सहाची, आणि आठ सेंटिमीटर उंच रिंगेवर तो आठ सेंटिमीटर अलीकडे पडणार. म्हणजे थेट पुढच्या कडेवर. तिचा हात अजिबात चुकला नव्हता. आमच्या रिंगेनं जे शिकवलं, ते तिनं चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिलाच शिडीवर चढवलं, आकडा वाचायला लावला. "सर, म्हणजे उंचच होती ना ती?"

"होय गं. माझं चुकलं."

वेल्डर आणून रिंग वर घेतली. पण फ्री थ्रोला उभी राहिली की सोडायच्या क्षणी तिचं मनगट अजून थबकतं. आधी थबकत नव्हतं.